रात्रपाळीनंतरची झोप आणि लाल दिवा : कुठला, कधी, किती वेळ

आमच्या सोलापुरातल्या विडी घरकुल वसाहतीतल्या एका ओळखीच्या माणसाने लाल दिव्यांचं भलंमोठं पॅनेल मागवलं. रात्रपाळी करून सकाळी घरी आला, पॅनेल तोंडासमोर हातभरावर ठेवलं, अर्धा तास त्याच्याकडे बघत बसला आणि ते तसंच चालू ठेवून आडवा झाला. दुपारी दोन वाजता मला फोन. “डोळ्याला डोळा नाही, उलट तरतरीच आली.” तरतरी येणारच होती. वस्तू खोटी नव्हती, वेळ चुकली होती.

मी इलेक्ट्रिशियन आहे. एका कापड कारखान्याच्या मेंटेनन्सला अकरा वर्षं रात्रपाळी काढली, त्यामुळे दिव्यांचं आणि झोपेचं दोन्हीकडचं थोडं कळतं. लाल दिव्याबद्दल विचारणारे जवळपास सगळे त्याच चार-पाच चुका करतात, म्हणून क्रमाने लिहितोय. खाली धरलेली पाळी रात्री ११ ते सकाळी ७ची आहे. लूमवर आठ ते आठची बारा तासांची पाळी असेल तर वेळा तासभर पुढे सरकवा, क्रम मोडू नका.

सुरुवातीला : ‘लाल दिवा’ म्हणजे दोन वेगळ्या वस्तू

डोळ्याच्या पडद्यात बघण्यासाठी ज्या पेशी असतात, त्यांच्याशिवाय आणखी एका जातीच्या पेशी असतात. दिवस आहे की रात्र हे मेंदूला कळवणं हे त्यांचं मुख्य काम. त्या सगळ्यांत जास्त दाद देतात निळसर उजेडाला, साधारण ४८० नॅनोमीटरच्या (उजेडाचा रंग या मापाने सांगतात) आसपासच्या. तो डोळ्यात गेला की मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचा निरोप देणारं संप्रेरक, दबतं. लाल एलईडीचा उजेड ६२० ते ६६० नॅनोमीटरचा. तो मंद असेल तर या पेशींच्या लेखी जवळपास अंधारच. थोडक्यात, मंद लाल दिवा झोप आणत नाही. तो फक्त अंधार मोडत नाही, आणि तरी पाय कुठे पडतोय हे तुम्हाला दिसतं.

दुसरी वस्तू म्हणजे ‘रेड लाइट थेरपी’चं पॅनेल. ते त्वचेवर आणि स्नायूंवर जोरदार लाल उजेड टाकतं, बऱ्याचदा सोबत डोळ्यांना न दिसणारा ८१० ते ८५० नॅनोमीटरचा इन्फ्रारेडही. झोपेसाठी याचा दाखला द्यायचा तर २०१२ साली प्रसिद्ध झालेला चीनमधला एक अभ्यास पुढे केला जातो. २० महिला बास्केटबॉल खेळाडू, त्यातल्या निम्म्यांना १४ दिवस रोज रात्री ३० मिनिटं लाल उजेड दिला, त्यांची झोप सुधारली. पण खेळाडू मोजक्या, आणि त्या रात्रीच झोपणाऱ्या. दुसऱ्या बाजूला, प्रखर लाल उजेड मेलाटोनिन न दाबताही माणसाला तरतरीत करतो, असं प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत दिसलंय. म्हणून माझा हिशेब सरळ आहे : पॅनेल असलंच तर ते उठल्यावर, आणि झोपण्याआधी साधा लाल झिरोचा बल्ब. पॅनेल नसेल तर या कामासाठी घेऊ नका.

टप्पा १ : बल्ब आणणं आणि तपासणं

अर्ध्या वॅटचा लाल एलईडी झिरो बल्ब कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. तीन आणा : झोपायच्या खोलीला एक, संडास-बाथरूमला एक, आणि एक राखीव. मी पहिल्यांदा हा प्रयोग केला तेव्हा दुकान बंद होतं, म्हणून देवघरातला काढून आणला होता. संध्याकाळी आई दारात उभी. “देव अंधारात बसवून तू झोपतोस होय रे?” तेव्हा तीनच आणा.

सगळे लाल दिसणारे बल्ब लाल नसतात. काही आतून पांढरे असतात आणि वरून नुसता लाल रंग दिलेला असतो. ट्यूबला लाल जिलेटिन पेपर गुंडाळला तरी तीच गत होते. हे तपासायला घरातली जुनी सीडी काढा. खोलीतले बाकी दिवे बंद करा, सीडीची चकचकीत बाजू बल्बसमोर धरा आणि हळूहळू तिरकी करा. पांढऱ्या दिव्याखाली त्यावर इंद्रधनुष्य उमटतं. खऱ्या लाल बल्बाखाली फक्त लाल पट्टा दिसतो, फार तर कडेला किंचित नारिंगी. हिरवी किंवा निळी रेघ दिसली की तो बल्ब परत करा. रंग बदलणारा स्मार्ट बल्ब घरात असेल तर तो पूर्ण लालवर आणि अगदी मंद करून चालतो, पण त्यालाही सीडी दाखवाच. ‘वॉर्म’ लिहिलेला पिवळट बल्ब म्हणजे लाल नव्हे.

*सावधान :* कंबरदुखीला शेक द्यायचा मोठा लाल इन्फ्रारेड बल्ब या कामाचा नाही. तो दीडशे-अडीचशे वॅटचा असतो आणि चटका बसेल इतका तापतो. तो लावून झोप लागली तर अंगावरचं पांघरूण पेटायला वेळ लागत नाही.

टप्पा २ : खोली

निम्मं यश इथेच आहे आणि लोक नेमका हाच टप्पा गाळतात. बाहेर ऊन आणि खोलीत लाल बल्ब, असं केलं तर बल्ब नसल्यातच जमा. उघड्यावर सकाळी हजारो लक्स (उजेड मोजायचं माप) उजेड असतो, घरात ट्यूबखाली शे-दोनशे. पडद्याच्या फटीतून येणारी उन्हाची एक तिरीपसुद्धा झिरोच्या बल्बला भारी पडते.

काळे पडदे विकत मिळतात, पण आपल्या गावात त्याची गरज नाही. जुनी सोलापुरी चादर दुहेरी करून खिडकीवर ताणा. चौकटीच्या चारही बाजूंना वीतभर बाहेर येऊ द्या आणि वर लाकडी पट्टी ठोका, नुसत्या खिळ्यांवर ती मधे झोळ धरते आणि वरून उजेड ओतत राहते. दाराखालच्या फटीला टॉवेलची गुंडाळी. आता उरतात ते घरातलेच शत्रू : डासांच्या मशीनचा दिवा, राउटरचे लुकलुकणारे हिरवे ठिपके, स्टॅबिलायझरचा आकडा. काळ्या इन्सुलेशन टेपचा एकेक तुकडा लावला की काम झालं.

उन्हाळ्यात खरी अडचण गरमीची. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, खोली बंद केली की भट्टी होते, आणि पत्र्याचं घर असेल तर विचारूच नका. कूलर लावावाच लागतो, आणि कूलरला बाहेरची हवा लागते, म्हणून त्याच्या कडेची खिडकी उघडी राहते. तिथे मी पुठ्ठ्याची युक्ती केली होती. खिडकीच्या बाहेरच्या बाजूला, चार बोटं अंतर ठेवून, खिडकीपेक्षा मोठा जाड पुठ्ठा उभा बांधायचा. हवा कडेने वळून येते, उजेड सरळ चालतो म्हणून बराचसा बाहेर अडतो. पुठ्ठ्याची आतली बाजू काळी केली तर आणखी चांगलं. हवा बाहेर जायला दुसऱ्या बाजूला फट हवीच, नाहीतर खोली दमट होऊन घामाने जाग येते. अंधार आणि गारवा यातलं एकच जमत असेल तर मे महिन्यात गारवा घ्या आणि डोळ्यांवर सुती पट्टी बांधा.

*तपासा :* दुपारी बारा वाजता खोली बंद करून पाच मिनिटं आत बसा, लाल बल्बही बंद ठेवा. हात पुढे धरल्यावर बोटं मोजता आली तर फट कुठेतरी राहिली आहे.

*बल्बाची जागा :* डोक्यावरच्या होल्डरमध्ये नको. खाली, पलंगाच्या पायथ्याशी, उजेड भिंतीवर पडेल असा लावा. पडल्या पडल्या बल्ब दिसता कामा नये. त्याच्या उजेडात दार आणि चप्पल दिसावी, वर्तमानपत्राचा बारीक मजकूर वाचता येऊ नये.

टप्पा ३ : पाळीवर

रात्रीचा पूर्वार्ध, साधारण दोन-अडीचपर्यंत, भरपूर पांढऱ्या उजेडात काढा. तेव्हा जागं राहायचंय, मग उजेड हवाच. उत्तरार्धात, काम परवानगी देत असेल तरच, उजेड कमी करत या : चहाला बसताना दिव्यापासून लांब, मोबाइल खिशात. शेवटचा चहा तीनच्या आत. चहातल्या कॅफिनचा अर्धा भाग उतरायलाच पाच-एक तास जातात. सात वाजता पाळी सुटल्यावर गेटबाहेरच्या टपरीवर जो कटिंग होतो, त्यातला निम्मा दुपारी बारापर्यंत अंगात जागा असतो. ही सवय सोडणं मला सगळ्यांत जड गेलं, कारण तो चहा चहासाठी नसतोच, गप्पांसाठी असतो. मी टपरीवर जात राहिलो, फक्त दूध घ्यायला लागलो. चार दिवस चेष्टा झाली, मग टपरीवाला न विचारताच दूध पुढे करू लागला.

*सावधान :* कामाच्या जागी लाल दिवा लावू नका. लाल उजेडात पांढऱ्या कागदावरची लाल अक्षरं पुसल्यासारखी होतात, मशीनचं लाल स्टॉप बटण उठून दिसत नाही, सुताच्या छटा कळत नाहीत. नर्सिंग करणाऱ्यांनी तर औषधाची पट्टी, सलाइन, जखम, काहीही लाल उजेडात बघू नये. रक्त त्यात जवळपास दिसतच नाही.

टप्पा ४ : घरी येताना

सकाळचा हा अर्धा तास सगळं बिघडवतो. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, मे महिन्यात सहाच्या आधीच. उन्हाळ्यात पाळी सुटते तेव्हा ऊन चांगलं वर आलेलं असतं, आणि ते डोळ्यात गेलं की शरीराचं घड्याळ ‘सकाळ झाली’ म्हणून दिवसाकडे ओढलं जातं. चिंचोळी एमआयडीसीतून पुणे रस्त्याने शहराकडे येणाऱ्यांना ऊन थेट तोंडावर असतं. अक्कलकोट रोडवरून येणाऱ्यांच्या ते पाठीशी असतं, म्हणून त्यांचं थोडं सोपं.

उपाय : कडा असलेली टोपी किंवा पुढे पट्टी असलेलं हेल्मेट, आणि गडद गॉगल. पण हा उपाय बसने, रिक्षाने किंवा कुणाच्या मागे बसून येणाऱ्यांसाठी आहे.

*सावधान, आणि हे दोनदा वाचा :* गाडी स्वतः चालवत असाल आणि डोळे मिटत असतील तर गॉगल लावू नका. तोच उजेड तुम्हाला जागं ठेवतोय. आधी कारखान्यातच पंधरा-वीस मिनिटं डुलकी काढा, तोंड धुवा, दहा मिनिटं जाऊ द्या, मग निघा. लाल काचांचा चष्मा तर गाडीवर कधीच नको, त्यातून सिग्नलचा हिरवा दिवा नीट दिसत नाही. झोप एक दिवस कमी झाली तर चालते.

वाटेत भाजी घेत उन्हात रेंगाळू नका. ते संध्याकाळी करा, तेव्हा ऊन हवंच आहे.

टप्पा ५ : लाल तास

घरात पाऊल टाकल्यापासून झोपेपर्यंत साधारण पाऊण ते एक तास. या वेळात पांढरी ट्यूब एकदाही लागायची नाही.

१. निघण्याआधी घरी फोन करा. घरच्यांनी चादर ओढून लाल बल्ब लावून ठेवायचा.

२. अंघोळ लाल बल्बाच्या उजेडात. अंघोळ कोमट पाण्याने, अगदी गार पाण्याने तरतरी येते. बाथरूमला उजळ झरोका असेल तर त्यावरही पुठ्ठा लावा.

३. खाणं हलकं. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही हे माझं ठरलेलं. पोट भरून रस्सा-भात खाल्ला की झोप लगेच येते, पण अकरा वाजता जळजळ होऊन मोडते.

४. मोबाइल खोलीबाहेर. ‘नाइट मोड’ लावला की स्क्रीन पिवळट होते, लाल नाही. शिवाय स्क्रीनपेक्षा स्क्रीनवरचा मजकूर जास्त जागवतो.

५. आडवं झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी लाल बल्बही बंद. झोपेसाठी सगळ्यांत चांगला उजेड म्हणजे उजेडच नसणं. अंधारात पडायची भीती असेल, घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं मूल असेल, तरच तो चालू ठेवा.

माझी बहीण नर्स आहे. नाइट करून साडेआठला घरी येते आणि हे सगळं ऐकून ती हसली. “तू अंघोळ करून झोपतोस, मी आल्यावर आधी डबे भरते.” तिचं खरं आहे. स्वयंपाकघरात लाल उजेडात विळी-सुरी धरायची नाही आणि पांढऱ्या ट्यूबखाली तासभर उभं राहून झोप येणार नाही. इथे दिवा कामाचा नाही, घरातल्या दुसऱ्या कुणीतरी सकाळी सहाला उठायला हवं. त्यांच्याकडे आता भावजी पोळ्या करतात. गोल होत नाहीत.

टप्पा ६ : मधली जाग

दिवसाची झोप मधे मोडतेच. ती परत लागते की नाही, हे त्या पाच मिनिटांवर ठरतं. लघवीला उठलात की बाथरूमला लाल बल्बच. तांब्या उशाशी भरून ठेवा. पाण्यासाठी फ्रिज उघडला की आतला पांढरा दिवा थेट तोंडावर येतो, हे कुणाच्या लक्षातच येत नाही. मलाही कळायला सहा महिने लागले. घड्याळ बघू नका.

नळाचं पाणी हा आपल्या गावचा खास विषय. पाणी काही दिवसांआड येतं, आणि ते नेमकं तुमच्या झोपेच्या वेळी आलं की मोटर, बादल्या, हाका सगळं सुरू. पाण्याचा दिवस माहीत असतो. त्या दिवशी भरायचं काम कुणाचं हे आदल्या रात्रीच ठरवा. घरात तुम्ही एकटेच असाल तर त्या दिवशी झोपेचे दोन तुकडे करा : आल्यावर मिळेल तेवढी, आणि संध्याकाळी पाळीआधी दीड तास. दोन्ही वेळा लाल तासाचा नियम तोच, दुसऱ्यांदा वीस मिनिटं पुरतात.

टप्पा ७ : उठल्यावर

आता उलटं करायचं. चार-साडेचारला उठलात की चादर बाजूला, गच्चीवर किंवा दारात पंधरा-वीस मिनिटं उजेडात. उन्हाळ्यात सावलीत बसलात तरी पुरेसा उजेड मिळतो. पॅनेल असेल तर त्याची वेळ हीच : डोळ्यांवर सोबतचा काळा चष्मा, अंतर आणि मिनिटं माहितीपत्रकात दिली असतील तितकीच, सुरुवातीला त्याच्या निम्मी. जास्त वेळ बसल्याने जास्त गुण येतो, हा समज शेकाच्या पिशवीवरून आलाय.

*आधी डॉक्टरांना विचारा :* डोळ्याच्या पडद्याचा आजार असेल (मधुमेहाच्या रुग्णांनी विशेष लक्ष द्यावं), मिरगी किंवा अर्धशिशी असेल, उजेड सहन न होणारी औषधं चालू असतील, तर पॅनेलच्या वाटेला परस्पर जाऊ नका. झिरोच्या बल्बला ही अडचण नाही.

टप्पा ८ : चौदा दिवसांची नोंद, आणि सुट्टीचा दिवस

एका दिवसात गुण येत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात रोज तीन गोष्टी लिहा : आडवं झाल्याची वेळ, उठल्याची वेळ, मधे किती वेळा जाग आली. पहिले चार-पाच दिवस विसरा. दुसऱ्या आठवड्यात झोप लवकर लागू लागली, किंवा एकूण झोप तास-अर्ध्या तासाने वाढली, तर जमलं म्हणायचं. फरक शून्य असेल तर आधी खोलीतला उजेड परत तपासा, मग शेवटच्या चहाची वेळ. बहुतेकदा या दोनांतच सापडतं.

सुट्टीच्या दिवशी पूर्ण दिवसपाळीवर उडी मारू नका. पाळीच्या दिवशी आठ ते तीन झोपत असाल, तर सुट्टीला पहाटे तीन-चारला झोपून अकराला उठा. म्हणजे तीन तास तरी रोजच्याच वेळेत पडतात. लग्न, जत्रा, गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत हे कोण पाळतंय, मीही नाही पाळलं. पण मग पुढच्या दोन सकाळी झोप नाही म्हणून बल्बाला नावं ठेवायची नाहीत.

आठवड्यातून एक-दोनच रात्रपाळ्या असतील तर घड्याळ फिरवायच्या भानगडीत पडू नका. आल्यावर अंधारात तीन-चार तास झोपा, दुपारी उठा, रात्री नेहमीच्या वेळी झोपा. पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर बदलीच्या आधीच्या दोन दिवसांत झोपेची वेळ दीड-दोन तासांनी पुढे ढकला, म्हणजे पहिली सकाळ एवढी जड जात नाही.

दिव्याने न होणाऱ्या गोष्टी

जोरात घोरणं आणि घोरता घोरता श्वास अडकणं, सात तास झोपूनही गाडीवर डुलकी येणं, पायात सतत वळवळ होऊन झोप न लागणं, महिनाभर सगळं नीट करूनही चार तासांच्या वर झोप न जाणं : यातलं काहीही असेल तर डॉक्टरांकडे जा. झोपेची गोळी मेडिकलमधून परस्पर आणू नका. जाताना कॅलेंडरचं ते पान फाडून सोबत न्या, आणि रात्रपाळी किती वर्षांची आहे हे न विचारताही सांगा.